‘अ सिम्पल प्लॅन’ : प्रेक्षकांनी न मोजलेला पैसा

सॅम रायमी या दिग्दर्शकाचा ‘अ सिम्पल प्लॅन’ हा अमेरिकन चित्रपट मी आजवर तीनदा पाहिला. पहिल्यांदा महाविद्यालयातील सहकाऱ्यांबरोबर, दुसऱ्यांदा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर आणि तिसऱ्यांदा घरी, माझ्या थोरल्या भावाबरोबर. पहिल्या दोन वेळी पडलेली मते एकमेकांशी इतकी जुळणारी होती की त्यांत मला काही वावगे दिसले नाही. तिसऱ्या वेळी भावाने एक प्रश्न विचारला, आणि ती सगळी मते मला पुन्हा तपासावी लागली. प्रस्तुत लेख हा त्या तपासणीचा आहे.

चित्रपट १९९८ सालचा. स्कॉट स्मिथ यांच्या १९९३ मधील कादंबरीवरून तो घेतला असून पटकथाही त्यांचीच आहे. कादंबरी ओहायो राज्यात घडते. चित्रपट मिनेसोटातील बर्फाने झाकलेल्या एका लहान गावात. हँक मिचेल हा पशुखाद्याच्या दुकानात हिशेबनीस आहे. कॉलेज शिकलेला, लग्न झालेला, गावात मान असलेला. त्याचा भाऊ जेकब शिकलेला नाही, बेकार आहे, एकटा राहतो. जेकबचा मित्र लू हाही तसाच बेकार आणि दारूडा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दोघे भाऊ बापाच्या कबरीला जाऊन येतात, लू सोबत असतो. वाटेत कोल्ह्यामागे धावलेल्या कुत्र्याला शोधताना तिघांना रानात बर्फाखाली गाडले गेलेले एक लहान विमान सापडते. आत मेलेला वैमानिक आणि ४४ लाख डॉलर्सची बॅग. हा पैसा मादक द्रव्यांच्या धंद्यातला असणार, त्याला वाली नाही, असे ते ठरवतात. पुढे कळते की तो अपहरणाच्या खंडणीचा आहे.

हँक आधी पैसा पोलिसांत द्यावा म्हणतो. मग एका अटीवर तयार होतो : पैसा आपल्या घरी राहील; वसंत ऋतूत बर्फ वितळून विमान सापडेल; कुणी पैशाची चौकशी केली नाही तर तिघांनी वाटून घ्यायचा आणि गाव सोडायचे. ही ती ‘साधी योजना’. तिच्यापायी सहा माणसे मरतात आणि शेवटी हँक सगळा पैसा स्वतःच्या हाताने जाळतो, कारण नोटांचे क्रमांक सरकारजवळ नोंदलेले आहेत.

अमेरिकेतील समीक्षकांनी या चित्रपटाला उचलून धरले. रॉजर ईबर्ट यांनी त्याला चार तारे दिले. जेकबची भूमिका करणाऱ्या बिली बॉब थॉर्नटनला सहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले आणि स्मिथ यांना पटकथेसाठी. बर्फ, खून आणि साधी माणसे या साम्यामुळे कोएन बंधूंच्या १९९६ मधील ‘फार्गो’शी त्याची तुलना होते. या सर्वांत वाद घालण्यासारखे काही नाही. चित्रपट उत्तमच आहे. माझा वाद आहे तो प्रेक्षक त्याचे जे तात्पर्य काढतात त्याच्याशी.

२

विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवल्यावर त्यांची मते मी फळ्यावर लिहून घेतली. सहकाऱ्यांचीही मते जवळजवळ तीच होती. ती चार होती.

पहिले मत : लोभाचे फळ वाईट. हँक सज्जन होता, पैशाने त्याला बिघडवले. त्याच्या जागी कुणीही असता तर असेच झाले असते.

दुसरे मत : साराने घात केला. सारा ही हँकची बायको. पैसा पाहिला नव्हता तोवर ती म्हणते, हा पैसा ठेवणे ही चोरीच. नोटा टेबलावर ओतल्यावर तीच सल्ले देऊ लागते. थोडा पैसा विमानात परत नेऊन ठेवा म्हणजे कुणाला संशय येणार नाही, लूला असे अडकवा, तसे अडकवा. आमच्या इंग्रजी विभागातील एका सहकाऱ्याने तिला लेडी मॅक्बेथ म्हटले. विद्यार्थ्यांनी तेच साध्या भाषेत म्हटले : ‘बाईनं बिघडवलं.’

तिसरे मत : हँक एकटा असता तर योजना पार पडली असती. जेकबच्या तोंडाला कुलूप नाही, लूच्या हातात पैसा टिकत नाही. या दोन अडाण्यांनी घोटाळा केला.

चौथे मत : मी असतो तर सरळ पोलिसांकडे गेलो असतो.

या चौथ्या मतापासूनच सुरुवात करतो, कारण वर्गात त्याचा प्रतिवाद तिथल्या तिथे झाला. पारधी समाजातला एक विद्यार्थी मागच्या बाकावर बसतो आणि सहसा बोलत नाही. तो म्हणाला, ‘सर, आम्ही बॅग घेऊन गेलो तर आधी मार बसंल. कुठं सापडली ते मागनं विचारतील.’ वर्ग हसला. तो मात्र हसला नाही.

हे हसण्यासारखे नव्हतेच. १८७१ च्या कायद्याने या देशातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कागदावरून पुसलेला शिक्का नजरेतून पुसला जात नाही. पैसा ‘सापडणे’ हासुद्धा एक अधिकार आहे, आणि तो सर्वांना सारखा नाही. रिक्षावाल्याने प्रवाशाची विसरलेली बॅग परत केली की वर्तमानपत्रात त्याच्या प्रामाणिकपणाची चौकट येते. त्या कौतुकाच्या पोटात एक आश्चर्य दडलेले असते : गरीब असूनही याने परत केली! मोटारीतून फिरणाऱ्याने पाकीट परत केले तर त्याची बातमी होत नाही, कारण त्याच्यावर संशयच नसतो.

चित्रपटात ही गोष्ट आहे आणि ती सूचकतेने आली आहे. पैसा सापडल्यानंतर थोड्याच वेळात शेरीफ कार्ल रस्त्यात भेटतो आणि जेकब नको ते बोलून जातो. विमानाचा आवाज ऐकला, असे काहीतरी. पण संशय येत नाही. शेरीफ पाहतो तो हँककडे. जेकब बरळला तरी हँक उभा आहे तोवर सगळे ठीक आहे. ही हँकची पत आहे. बॅग सापडण्याच्या आधीच तो एका भांडवलाचा मालक आहे, आणि ते भांडवल त्याला कोठून मिळाले हा प्रश्न प्रेक्षक विचारीत नाहीत. तिकडे मी पुढे वळणारच आहे.

३

तिसरे मत मोजून पाहण्याजोगे आहे, म्हणून मी मोजले.

चित्रपटात सहा माणसे मारली जातात. ड्वाइट हा म्हातारा शेतकरी, लू, लूची बायको नॅन्सी, शेरीफ कार्ल, सरकारी अधिकारी म्हणून आलेला पण वास्तविक खंडणीखोरांपैकी असलेला बॅक्स्टर, आणि शेवटी जेकब. यांतला कार्ल बॅक्स्टरच्या हातून मरतो. लूला जेकब मारतो, तेही लूने हँकवर बंदूक रोखल्यावर. म्हणजे भावाला वाचवण्यासाठी जेकब आपला एकुलता एक मित्र गमावतो. उरलेले चार हँकच्या हातून मेले आहेत. ड्वाइटला जेकबने घाबरून मारले हे खरे. पण म्हातारा मेलेला नव्हता. तो शुद्धीवर आला आणि हँकने त्याचा श्वास कोंडला. पुढे अपघाताचा देखावाही हँकनेच रचला.

सहा खुनांतले चार शिकलेल्या, सावध, सभ्य माणसाचे आणि एक ‘अडाण्या’चा. तरी पाहणाऱ्यांचे मत असे की अडाण्यांनी घोटाळा केला! हे मत पडद्यावरच्या घटनांतून आलेले नाही. ते प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो. नीट कपडे घातलेला, शांत आवाजात बोलणारा, हिशेब ठेवणारा माणूस मुळात भला, आणि ज्याचे दात वाकडे, चष्म्याला चिकटपट्टी, नोकरी नाही, तो मुळात धोक्याचा, हा त्याचा संस्कार आहे. दिग्दर्शकाने हा संस्कार ओळखून सापळा लावला आहे, असे मला वाटते. आपण हँकच्या नजरेतून जेकबकडे वैतागून पाहत राहतो आणि हँकचे हात रंगत जातात तिकडे आपले लक्ष जात नाही.

साराविषयीचे दुसरे मतही याच जातीचे आहे. सारा ग्रंथालयात काम करते. शेवटी हँक पैसा जाळायला निघतो तेव्हा ती त्याला पुढच्या आयुष्याचे चित्र काढून दाखवते : दुकानातली तीच नोकरी, मुलीला दुसऱ्यांचे उतरलेले कपडे, सवलतीची कुपने परवडू देतील तोच स्वयंपाक, बाहेर जेवण फक्त खास प्रसंगी, आणि स्वतः ती आठ तास खोटे हसू चेहऱ्यावर चढवून पुस्तके देत बसणार. तिच्या क्रूरपणाचे समर्थन मी करीत नाही. पण तिला लेडी मॅक्बेथ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. लेडी मॅक्बेथला राज्य हवे होते. साराला कुपनातून सुटका हवी होती. वर्गातल्या एकाच मुलीने या प्रसंगाचा उल्लेख केला. ती कापडाच्या दुकानात सायंकाळी काम करते. ती म्हणाली, ‘ते हसायचं बोलली ना सर, ते खरंय.’

४

आता पहिल्या मताकडे आणि माझ्या भावाकडे येतो.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो सेंट्रिंगच्या कामावर जातो. गेल्या दिवाळीत माझ्याकडे राहायला आला असताना एका रात्री हा चित्रपट मी त्याच्यासोबत पाहिला. त्याला इंग्रजी येत नाही. मी मधूनमधून थांबवून मराठीत सांगत होतो. हँकने पैसा आपल्या घरी ठेवला तेव्हा तो म्हणाला, ‘ठेवणारच. हिशेब शिकलेल्याकडंच ऱ्हातो.’ मी हसलो आणि पुढे लावले.

मग तो प्रसंग आला. दोघा भावांचा बाप शेतकरी होता आणि कर्जात त्याचे शेत गेले. जेकबला आपल्या वाट्याच्या पैशातून तेच शेत परत घ्यायचे आहे. बंगला नको, गाडी नको, बापाचे शेत हवे. हँकला हे खुळचट वाटते. गाव सोडायचे ठरले आहे, शिवाय तुला शेतीतले काय कळते, असा त्याचा सूर. बाप व्यवहारात कमी पडला म्हणून शेत गेले अशीच हँकची समजूत आहे. तेव्हा जेकब त्याला सांगतो की शेताचा पैसा गेला तो हँकच्या कॉलेजात.

दादाने मला हाताने थांबवले. म्हणाला, ‘म्हंजी त्याला ठावंच नव्हतं?’

मी म्हणालो, नव्हते.

‘इतकी वर्सं?’

मी चित्रपट पुन्हा सुरू केला. दादा पुढे काही बोलला नाही. त्याने कसला आरोप केला नाही. तो पडद्यावरच्या माणसाविषयीच विचारीत होता. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

मी चौथीत असताना दादा आठवीतून शाळा सोडून कामाला लागला. पुढे मी जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकलो. शिष्यवृत्ती वेळेवर येत नसे, आणि ती येईपर्यंतची मेस दादाच्या रोजावर चाले. हे मला ठाऊक होते असे मी म्हणू शकत नाही आणि ठाऊक नव्हते असेही म्हणू शकत नाही. पैसे येत होते. कोठून येतात हे विचारण्याची मला गरज भासली नाही. प्राध्यापक झाल्यावर वस्तीतल्या मंडळींनी माझा सत्कार केला. भाषणात मी आईचे, वडिलांचे, गुरुजनांचे ऋण सांगितले आणि ओघात म्हणालो, ‘माझ्या भावाला शिक्षणाची आवड नव्हती.’ दादा दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या.

म्हणून हँक हा पैसा सापडण्यापूर्वी सज्जन होता, हे मत मला आता मान्य करता येत नाही. तो दुर्जन होता असे माझे म्हणणे नाही. तो बेहिशेबी होता. आणि तो पेशाने हिशेबनीस आहे, ही या चित्रपटातील सर्वांत कडवट गोष्ट आहे. चित्रपटात दोन पैसे आहेत. एक ४४ लाखांचा, जो बॅगेत सापडतो, ज्याच्यासाठी माणसे मरतात, जो शेवटी जळतो. दुसरा बापाच्या शेताचा, जो कधीच पडद्यावर दिसत नाही. तो हँकच्या पदवीत, नोकरीत आणि शेरीफच्या त्याच्यावरच्या विश्वासात केव्हाच विरघळून गेला आहे. बॅगेतल्या पैशाची चर्चा प्रत्येक प्रेक्षक करतो. दुसऱ्या पैशाची नोंद आमच्या स्टाफरूममध्ये एकानेही घेतली नाही, आणि त्या एकाही नसलेल्यांत मी होतो. पहिल्या दोन्ही वेळी जेकबचे ते बोलणे मी ऐकले होते आणि माझ्या कानांवरून गेले होते.

५

यावर एक आक्षेप निघेल आणि तो निघालाच पाहिजे. मुलाच्या शिक्षणासाठी आईबापांनी केलेला खर्च हा चोरीच्या पैशाशेजारी ठेवायचा काय? ज्यांना हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्यांच्यातला कुणी शिकला तर त्याने शिकण्याचीच लाज बाळगायची काय? तसे असेल तर हा विचार आपल्या मुलांना शाळेतून काढू पाहणाऱ्यांच्याच कामाचा.

आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर असे की शिकणे हा हँकचा गुन्हा नाही. एका मुलाच्या कॉलेजाला बापाचे शेत पुरू नये, ही व्यवस्था त्याने केलेली नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी चढ्या भावांच्या भरवशावर कर्जे काढली. १९८० नंतर व्याजाचे दर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या आणि पिढ्यानपिढ्यांची शेते लिलावात गेली. ही गोष्ट एवढी मोठी होती की १९८५ मध्ये विली नेल्सन आदी गायकांनी इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ नावाचा जाहीर जलसा भरवला. रायमीचा चित्रपट या इतिहासाचे व्याख्यान देत नाही. पण १९९८ च्या अमेरिकन प्रेक्षकाला शेत गेलेला बाप म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही ‘लोभ’ हा एक शब्द उच्चारला की हे सगळे झाकले जाते. लोभ ही प्रत्येक माणसाची विकृती ठरली की कर्ज, व्याज, लिलाव आणि कुपन यांविषयी बोलण्याचे कारण उरत नाही.

हँकची चूक शिकण्यात नाही. न विचारण्यात आहे. ज्याच्या वाट्याची संधी आपल्याकडे आली त्यालाच तो बावळट समजतो. जेकबची बेकारी त्याला जेकबचा स्वभाव वाटते, जशी मला दादाची शाळा ही दादाची नावड वाटली. जेकबचा अंत या न विचारण्याच्या शेवटच्या टोकाला होतो. बॅक्स्टर मेल्यावर जेकब म्हणतो की हे सगळे मनात ठेवून मला जगता येणार नाही; मला मार आणि दोष बॅक्स्टरवर घाल. हँक रडतो, पण गोळी झाडतो. थोरल्याने दुसऱ्यांदा भावासाठी जागा खाली केली आणि धाकट्याने दुसऱ्यांदा ती घेतली. फरक एवढाच की यावेळी त्याला ते ठाऊक होते.

यानंतर पैसा जळतो आणि हँक पुन्हा तीच नोकरी करू लागतो. प्रेक्षक म्हणतात, त्याला शिक्षा झाली. मला ते पुरेसे वाटत नाही. हँकचे घर, बायको, मुलगी, पत सर्व शाबूत आहे. गेले ते जेकबचे. ज्या एका माणसाजवळ दोन्ही पैशांचा हिशेब होता, तोच मातीत गेला.

आमच्या पिढीतील शिकलेल्यांविषयी हे बोलणे कुणाला आवडणार नाही. आम्ही प्रस्थापितांना हिशेब विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. पण प्रत्येक पहिल्या पदवीधराच्या मागे एक आठवीतून उठलेला भाऊ किंवा सातवीतून उठवलेली बहीण असते, आणि आमच्या आत्मकथनांत ती माणसे दोन ओळींत संपतात. त्यांचा पैसा परत करता येण्यासारखा नाही. दादाही तो मागत नाही. दिवाळीनंतर परत जाताना एस. टी. स्टँडवर मी त्याला विचारले, ‘दादा, तू शाळा का सोडलीस?’ तो म्हणाला, ‘आता काय त्याचं,’ आणि गाडी लागली म्हणून पिशवी उचलून चालू लागला. हे उत्तर नव्हे हे मला कळते. पुढच्या वेळी पुन्हा विचारीन.

यंदा द्वितीय वर्षाला हा चित्रपट पुन्हा दाखवायचा आहे. विद्यार्थ्यांची मते याही वेळी फळ्यावर लिहून घेईन. ती बहुधा तीच चार असतील. त्यांखाली या खेपेला मी एक प्रश्न लिहिणार आहे : हँकच्या कॉलेजचा खर्च कुणी केला, आणि तुमचा कोण करीत आहे?